जुनं सोलर पॅनेल घेताना मल्टिमीटर सोबत न्या

सुटे सेल आणून घरीच पॅनेल जोडायचा मोह आवरा. मी केलाय तो उद्योग. सोल्डरिंग करतानाच निम्मे सेल तडकले, उरलेल्यांत पहिल्याच पावसात ओल शिरली.

त्यापेक्षा वापरलेलं पॅनेल बघा. चांगल्या पॅनेलची क्षमता वर्षाला साधारण अर्धा ते एक टक्का घटते, म्हणजे १० वर्षांचं पॅनेलही बरंच काम देतं. भाव मात्र नगावर नाही, वॅटवर काढा.

बघायला भर उन्हातच जा. मागच्या लेबलवर व्हीओसी (मोकळ्या टोकांवरचं व्होल्टेज) आणि आयएससी (दोन्ही टोकं थेट जोडल्यावरचा करंट) छापलेलं असतं. आधी मोकळ्या टोकांवर व्होल्टेज मोजा; ६० सेलच्या पॅनेलला ३७-३८ व्होल्टच्या आसपास यायला हवं, तापलेलं असेल तर थोडं कमी. सरळ एक तृतीयांश कमी आलं, तर बहुतेक एखादा बायपास डायोड (सावलीतल्या किंवा बिघडलेल्या सेलना वळसा घालून करंट नेणारा भाग) शॉर्ट झालाय. जंक्शन बॉक्स (मागची वायरींची डबी) उघडत असेल तर डायोड बदलता येतो, त्यामुळे मी अशा वेळी खुशाल घासाघीस करतो! मग करंट मोजा, पण मीटर किती अँपिअर झेपवतो ते आधी बघा, माझा फ्यूज असाच गेला.

काच तडकलेली किंवा मागे जळका डाग असेल, तर फुकटही नको.