नव्वद एकर गेले कुठे? वसाहतकाराचं घराणं जमिनीच्या आणि प्रोबेटच्या कागदांतून शोधताना

आमचे अण्णा खटाव तालुक्यात तलाठी होते. भाऊबंदकीचं भांडण घेऊन कुणी चावडीवर आलं की ते आधी विचारायचे, "माणसाचं राहू दे, गट नंबर सांग." ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, बेंडिगोच्या उत्तरेला आम्ही पाच एकरांचा तुकडा घेतला आणि शेजारच्या ८४ वर्षांच्या आजींनी त्यांच्या पणजोबांची माहिती काढायला मला बसवलं, तेव्हा मी नेमकं हेच विसरले. नाव घेऊन सुरुवात केली. दोन महिने त्याच नावाच्या भलत्याच माणसामागे फिरले, पैसे भरून त्याचा मृत्यूचा दाखलाही मागवला. तो निघाला गिलाँगचा चांभार. आमचा होता शेतकरी.

या पणजोबांचं नाव मी देत नाही, कारण त्यांचा गोतावळा अजून याच पंचक्रोशीत आहे. पण वाट कुठून कशी जाते ते सांगते. आपल्याकडची मुलं इथे जुनी घरं, जुनी रानं घेतात आणि 'आधी इथे कोण होतं' हा प्रश्न कधीतरी पडतोच.

तर आधी रान. आजच्या पत्त्यावरून टायटल, म्हणजे मालकीचा नोंदलेला दाखला काढायचा. थोडी फी भरली की ते ऑनलाइन मिळतं. त्यात किंवा त्याच्या सोबतच्या प्लॅनवर पॅरिशचं नाव आणि क्राउन अलॉटमेंटचा नंबर असतो. पॅरिश म्हणजे इथे चर्चचा काही संबंध नाही. आपलं 'मौजे' समजा. अलॉटमेंट म्हणजे सरकारने पहिल्यांदा विकलेला तुकडा, म्हणजे मूळ सर्व्हे नंबर. पुढे त्याचे कितीही पोटहिस्से पडोत, हा नंबर सुटत नाही.

नंबर हाती आला की त्या पॅरिशचा नकाशा उघडायचा. पब्लिक रेकॉर्ड ऑफिस व्हिक्टोरिया आणि स्टेट लायब्ररी, दोन्हीकडे हे नकाशे आहेत. प्रत्येक तुकड्यावर सरकारकडून पहिल्यांदा जमीन घेणाऱ्याचं नाव असतं, आणि क्षेत्र एकर, रूड, पर्चमध्ये. मराठी माणसाला हे मोजमाप अवघड जायचं कारण नाही. चार पर्चचा एक गुंठा, दहा गुंठ्यांचा एक रूड. आमच्या नकाशावर ३१७ एकर ३ रूड २० पर्च होते, म्हणजे ३१७ एकर ३५ गुंठे. हे मी अण्णांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "साखळी एकच गं." खरंच आहे. इंग्रजांची ६६ फुटी साखळी इकडेही फिरली आणि तिच्या निम्म्याची, ३३ फुटांची, बाजू असलेला आपला गुंठा.

नकाशावर बहुतेक जण नाव वाचतात आणि पुढे जातात. तसं करू नका. त्याच चौकोनात बारीक अक्षरात एक आकडा आणि तिरप्या रेघेनंतर १९ किंवा १९.२० असं लिहिलेलं असतं. तो फाइल नंबर. रेघेनंतरचा आकडा म्हणजे १८६९च्या जमीन कायद्याचं कलम. इथे खरा खजिना आहे, म्हणून जरा थांबते.

या कायद्यानुसार १८ वर्षांपुढच्या कुणालाही ३२० एकरांपर्यंत जमीन निवडता यायची. कोपऱ्यांत खुंट ठोकायचे आणि अर्ज करायचा. तीन वर्षं परवाना, एकरी वर्षाला दोन शिलिंग. त्या मुदतीत तिथे राहायचं, कुंपण घालायचं, दहावा हिस्सा नांगराखाली आणायचा, एकरी एका पौंडाची सुधारणा करून दाखवायची. हे जमलं तर पुढची सात वर्षं भाडेपट्टा. दहा वर्षं दोन-दोन शिलिंग भरले की झाले वीस शिलिंग, म्हणजे एक पौंड, आणि जमीन नावावर.

परवान्याची तीन वर्षं संपली की माणसाला फॉर्म भरून सगळा हिशेब द्यावा लागे, आणि तो फॉर्म फाइलमध्ये असतो. घर किती फुटांचं, भिंती कशाच्या, छपराला साल की पत्रा, कुंपण किती साखळ्या आणि कुठल्या जातीचं, गहू किती एकर, पाण्यासाठी तळं खणलं का, घरात माणसं किती. आमच्या गृहस्थांनी १८७३ मध्ये जमीन धरली होती. बायको आणि सहा मुलं दोन खोल्यांत, वर झाडाच्या सालीचं छप्पर. एका वर्षी हप्ता थकला म्हणून मुदत मागणारं पत्रही फाइलीत होतं, त्यात 'पीक तांबेऱ्याने गेलं' असं लिहिलेलं. अक्षर त्यांचं नव्हतं, सही तेवढी होती. असं पत्र वाचलं की माणूस दिसायला लागतो.

या फाइली मेलबर्नच्या नॉर्थ मेलबर्न भागातल्या वाचनकक्षात आधी मागणी नोंदवून बघाव्या लागतात. पेन नेऊ नका, पेन्सिल न्या. प्रत्येक पानाचा फोटो घ्या, मागच्या कोऱ्या बाजूचासुद्धा, कारण कारकुनांचे शेरे तिथेच असतात.

आणि नकाशा परत एकदा बघा, या वेळी चतुःसीमा. लगतच्या तुकड्यांवर त्याच आडनावाचे लोक आहेत का? नवऱ्याबरोबर नांदणाऱ्या बाईला या कायद्याने जमीन निवडता येत नसे, पण अविवाहित मुलीला यायची. म्हणून अठरा पूर्ण झालेल्या मुलामुलींच्या नावाने शेजारचे तुकडे धरायची रीत होती. आमच्या पश्चिमेला थोरल्या मुलाच्या नावावर आणि उत्तरेला एका मुलीच्या नावावर जमीन निघाली. आजींना ही मुलगी होती हेच माहीत नव्हतं.

आता टायटल. व्हिक्टोरियात २ ऑक्टोबर १८६२ नंतर सरकारने विकलेली सगळी जमीन टॉरेन्स पद्धतीत येते: एक व्हॉल्यूम नंबर, एक फोलिओ नंबर, आणि त्या पानावर खरेदी, गहाण, वारस सगळं ओळीने. आपला सातबारा हा महसुली कागद, तो काही मालकीचा अंतिम पुरावा नाही. इथे नोंद हीच मालकी, आणि तिची हमी सरकारची. अण्णांचा यावर बराच वेळ विश्वास बसेना. १८६२च्या त्या तारखेआधी विकलेली जमीन असेल तर मात्र घेणार-देणाराच्या नावाच्या सूचीतून एकेक दस्ताची साखळी जोडावी लागते. ते किचकट काम आहे. त्यात पडलात तर जाणकाराला सोबत घ्या.

जुनं, रद्द झालेलं टायटलच मागवायचं, कारण फेरफार त्याच्या पानावर असतात. मालक मेला की तिथे इच्छापत्राच्या अंमलदाराचं नाव चढतं, प्रोबेट, म्हणजे इच्छापत्राला कोर्टाची मान्यता, कधी मिळालं त्या तारखेसकट. आपली वारस नोंदच ही. म्हणजे प्रोबेट शोधायला आडनावाच्या समुद्रात उडी मारायची गरजच नाही, टायटलने तारीख हातात दिलेली असते. मी हे आधी केलं असतं तर चांभाराच्या दाखल्याचे पैसे वाचले असते.

व्हिक्टोरियाची प्रोबेट सूची १८४१ पासून सुरू होते आणि पब्लिक रेकॉर्ड ऑफिसच्या संकेतस्थळावर फुकट बघता येते. नाव, मृत्यूची तारीख, राहण्याचं ठिकाण, धंदा असं त्यात मिळतं. १९२५ पर्यंतचे बरेचसे कागद स्कॅन केलेले आहेत. दोन मालिका लक्षात ठेवा: व्ही.पी.आर.एस. ७५९१ मध्ये इच्छापत्रं, व्ही.पी.आर.एस. २८ मध्ये कोर्टातली बाकीची फाइल. लोक इच्छापत्र वाचून खूश होतात आणि २८ बघतच नाहीत. मालमत्तेची यादी तिथे असते. इच्छापत्र न करता माणूस गेला असेल तर तिथे प्रशासकाची नेमणूक सापडते, आणि जामीनदारांची नावंही. जामीनदार बहुधा मेहुणा नाहीतर बांधाशेजारी, तेव्हा ती नावं टिपून ठेवा. इच्छापत्राचे साक्षीदार मात्र सहसा वारसांपैकी नसतात, कारण साक्षीदाराला दिलेलं त्या काळच्या कायद्याने बाद व्हायचं.

नाव सापडलं नाही तर लगेच हताश होऊ नका. आडनावाआधी मॅक आणि मक, ओ लावून आणि न लावता, सगळं टाकून बघा. वर्षाचा हट्ट धरू नका. जमीन विकायची वेळ आल्यावर पंधरा-वीस वर्षांनी प्रोबेट घेतल्याची उदाहरणं आहेत, आपल्याकडे आजोबा मयत होऊन पिढी उलटली तरी सातबारा त्यांच्याच नावावर असतो तसं. ट्रोव्ह या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जुनी वर्तमानपत्रं आहेत. प्रोबेटचा अर्ज करण्याआधी त्याची जाहीर नोटीस द्यावी लागे, ती तिथे सापडते. आणि दाखला मागवायचाच झाला तर मृत्यूचाच मागवा. १ जुलै १८५३ ला इथे नागरी नोंदणी सुरू झाली आणि त्या दाखल्यात आईबाप, जन्मगाव, वसाहतीत किती वर्षं काढली, लग्न कुठे झालं, मुलं कोण, एवढं सगळं असतं.

आमचे गृहस्थ १८९१ मध्ये गेले. इच्छापत्रात जमीन धाकट्या दोघा मुलांना, बायकोला घरात राहायचा हक्क 'विधवा असेतोवर', मुलींना थोडी रोख. थोरल्याचं नावच नाही. आजींच्या घरात कथा चालत आली होती की त्याने बापाच्या मनाविरुद्ध दुसऱ्या पंथाच्या मुलीशी लग्न केलं म्हणून बापाने त्याला तोडलं. दोन्ही घरांत ऐंशी वर्षं जाणंयेणं नाही, आणि घरं तीन मैलांवर.

मालमत्तेच्या यादीत घोडे सहा, नांगर दोन, गव्हाची पोती, बँकेचं देणं, आणि जमीन २२७ एकर ३ रूड २० पर्च. मी ती ओळ अण्णांना वाचून दाखवली. ते क्षणभर गप्प. मग म्हणाले, "नव्वद एकर कमी भरतंय. फेरफार बघ."

टायटलच्या मागच्या बाजूला होता. १८८६ मधला. बापाने हयातीतच ९० एकर थोरल्याच्या नावे केले होते, त्याच्या स्वतःच्या तुकड्याला लागून. मोबदल्याच्या रकान्यात पैसे नाहीत, 'नैसर्गिक प्रेम आणि जिव्हाळ्यापोटी'. आपल्या बक्षीसपत्रातलंच वाक्य, जवळजवळ शब्दाला शब्द. लग्न तर १८८४ मध्येच झालेलं होतं.

म्हणून सांगते, यादीतलं क्षेत्र आणि नकाशावरचं क्षेत्र ताडून बघितल्याशिवाय इच्छापत्रावरून कुणाला बेदखल ठरवू नका. ज्याचा हिस्सा आधीच दिला त्याचं नाव इच्छापत्रात कशाला येईल?

एक गोष्ट या कागदांत मागे जाऊन सापडत नाही. टायटलच्या वर राणीचं नाव आणि त्याच्या वर काही नाही, जणू जमीन तिथूनच सुरू झाली. बेंडिगोचा हा मुलूख जा जा वुरुंग या मूळ रहिवाशांचा. १८३५ मध्ये जॉन बॅटमन या वसाहतकाराने मेलबर्नजवळच्या मूळ रहिवाशांशी केलेला जमिनीचा करार गव्हर्नर बर्कने रद्द ठरवला, तो त्यांना जमीन परत मिळावी म्हणून नव्हे, तर सगळी जमीन राजाची म्हणून. व्हिक्टोरिया सरकारने जा जा वुरुंगांशी समझोता केला तो थेट २०१३ मध्ये. घराण्याचा इतिहास लिहून दिला तेव्हा पहिल्या पानावर मी हे लिहिलं. आजींनी वाचलं, चष्मा काढला, आणि ते पान तसंच ठेवायला सांगितलं.

मग त्यांनी थोरल्याच्या खापरपणतवाला फोन लावला. नव्वद एकर ऐकून तो म्हणाला, "आमच्याकडे तर सांगतात की ते तुम्ही लोक परत मागत होता." आता उत्तरेच्या तुकड्यावरची ती मुलगी राहिली आहे. तिच्या टायटलवर लग्नानंतरचं नाव चढलेलं आहे. पुढच्या महिन्यात त्या नावाने प्रोबेट सूची बघायची आहे.