मृग लागायच्या आत: राखेच्या दिवसांत बाग, विहीर आणि घरच्यांची छाती

गेल्या वैशाखात आईने गच्चीवर ज्वारीचे बिबडे घातले होते. दुपारी वारा सुटला, संध्याकाळी ते उलटायला गेलो तर प्रत्येक बिबड्यावर करड्या पिठासारखा थर. आईने फुंकर मारली, झटकले, तळून पाहिले. दाताखाली कचकच लागली आणि अख्खा घाणा गुरांपुढेही टाकता आला नाही. आमचं गाव खानदेशात गिरणा नदीच्या काठावर आहे. एका अंगाला वीटभट्ट्या, दुसऱ्या अंगाला राखेचे टिपर जाणारा रस्ता. त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं की बिबड्यावर दिसतंय ते केळीच्या पानावरही आहे, उघड्या विहिरीतही आहे, आणि वडील गेली दहा वर्षं तेच ओढताहेत.

चैत्र-वैशाखात आपल्याकडे तीन गोष्टी एकदम होतात. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या घरात जातो, दुपारनंतर बहुतेक पश्चिमेचा वारा सुटतो आणि विहिरी तळ गाठतात. वाऱ्याने राख उठते, उन्हाने ती वाळून हलकी होते, आणि विहिरीत पाणी कमी उरल्यामुळे त्यातले क्षार व इतर द्रव्यं दाट होतात. मग वळवाचा पाऊस येतो. पानं धुतली जातात, बाग हिरवीगार दिसते, आपण सुटलो म्हणतो. पण राख तेव्हाच नाल्याने विहिरीत उतरते, आणि तक्रार करायला लागणारा पुरावाही त्याच पाण्याबरोबर जातो. म्हणून तपासण्या, नोंदी, पंचनामे, छातीची चाचणी, जे काही करायचं ते मृग लागायच्या आत.

राख येते कुठून, हे आधी नीट समजून घ्या. भुसावळजवळ दीपनगरला कोळशावरच्या औष्णिक वीज केंद्राचे ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत, शिवाय ६६० मेगावॅटचा नवा संच. आपल्या देशी कोळशात राखेचं प्रमाणच मोठं, साधारण ३० ते ४५ टक्के. म्हणजे शंभर पोती कोळसा जळला तर तीस-चाळीस पोती राख उरणार. अनेक औष्णिक केंद्रं न वापरलेली राख पाण्यात कालवून नळाने तळ्यात सोडतात. तळं ओलं आहे तोवर ती बसून राहते. कडा वाळल्या की वाऱ्यावर जाते. केंद्र सरकारने राखेच्या वापराची पहिली अधिसूचना १९९९ साली काढली. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने सगळी राख वापरण्याचं बंधन घातलं, तळ्यातली जुनी साठलेली राख दहा वर्षांत संपवायला सांगितलं आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे हजार रुपये पर्यावरण भरपाई ठेवली. हे आकडे ग्रामसभेत बोलताना हाताशी असू द्या. पण सगळं खापर एकाच धुराड्यावर फोडू नका. वीटभट्ट्या आहेत, साखर कारखान्यांची बॉयलरं आहेत, डाळमिला आणि जिनिंगची धूळ आहे, ताडपत्री न टाकता पळणारे टिपर आहेत. जळगाव शहर तर २०१९ पासूनच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेचं प्रमाण न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत आहे.

आपल्याकडे किती बसतं ते बघायची साधी रीत सांगतो. स्टीलची दोन सारखी ताटं घ्या, पुसून कोरडी करा. एक बागेच्या वाऱ्याकडच्या बांधावर माणसाच्या उंचीला बांधा, दुसरं वाऱ्याच्या आडोशाला. चोवीस तासांनी दोन्हींवर बोट फिरवा आणि तारखेसह फोटो काढा. ही काही प्रयोगशाळेची मोजणी नव्हे, पण कोणत्या वावराला आधी आडोसा हवा ते तिथेच कळतं.

आता केळी. मृगबागेत, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला लावलेल्या बागेत, या दिवसांत घड निसवतात आणि भरतात, म्हणजे पानांचं काम नेमकं आताच जोरात चालू असतं. पानावर राखेचा थर बसला की ऊन कमी पोचतं, पान जास्त तापतं आणि श्वासाची छिद्रं बुजतात. धुळीने माखलेल्या पानावर कोळीही वाढतात, कारण त्यांना खाणारे मित्रकीटक धुळीत टिकत नाहीत. पंधरवड्यातून एकदा सकाळी नऊच्या आत एचटीपी, म्हणजे जास्त दाबाच्या पंपाने साध्या पाण्याची फवारणी करून पानं धुऊन काढा. मात्र तुमच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते पानावर मारू नका. पाणी उडून जातं, मीठ राहतं, कडा करपतात. औषध फवारायचं असेल तर आधी पान धुवा आणि दुसऱ्या दिवशी फवारा. राख अल्कधर्मी असते, तिच्या थरावर पडलेलं औषध पुरतं काम करत नाही. घडाला न विणलेल्या कापडाची पिशवी चढवा. केळी वाऱ्याने एकमेकींवर घासतात तेव्हा मध्ये अडकलेले कण सालीला चरे पाडतात आणि व्यापारी तोच घड हातात घेऊन भाव पाडतो.

आडोशाला यंदा पश्चिमेच्या बांधावर हिरवी नेट किंवा जुन्या साड्या बांधून भागवा. पावसाळ्यात मात्र शेवरी आणि गजराज गवताच्या दोन ओळी दाट लावाच. बियाणं आणि ठोंब आत्ताच सांगून ठेवा, जूनमध्ये धावाधाव होते.

मेथी, कोथिंबीर, पालक बाजारात नेण्याआधी वाहत्या पाण्यात दोनदा बुडवून काढा. कडब्याच्या गंजीवर ताडपत्री टाका, आणि गव्हाणीत टाकण्याआधी पेंढी झटका. झटकताना वारा पाठीमागून येईल असे उभे राहा.

या दिवसांत आणखी एक गोष्ट हमखास घडते. कोणी टिपरवाला येतो आणि राख फुकट टाकून देतो म्हणतो. जमीन भुसभुशीत होते, पीक चांगलं येतं, असंही सांगतो. आम्ल जमिनीत राखेचा फायदा होतो हे खरं आहे. पण तापी-गिरणेच्या आपल्या काळ्या जमिनींचा सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी आधीच आठच्या आसपास आहे. त्यात अल्कधर्मी राख ओतली तर जस्त आणि लोह पिकाला आणखी मिळेनासे होतात. राखेतलं बोरॉन पाण्यात चटकन उतरतं. ते जास्त झालं की पानांच्या कडा जळाल्यासारख्या होतात आणि आपण उन्हाचा चटका समजून पाणी वाढवत राहतो. माती तपासल्याशिवाय एक टिपरही वावरात घेऊ नका. नको म्हणायला भीड वाटते हे मला माहीत आहे, तरी नको म्हणा.

मातीचा नमुना घ्यायचा काळही हाच, रब्बी निघाली आहे आणि जमीन मोकळी आहे. आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्या, वरपासून वीस सेंटिमीटरपर्यंत एकसारखी चकती काढा, केळीसाठी तीस सेंटिमीटर. सगळी माती एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, असं करत अर्धा किलो उरवा. राखेचा संशय असेल तर वरच्या दोन बोटं थराचा नमुना वेगळ्या पिशवीत घ्या. एकत्र केला तर राख खालच्या मातीत मिसळून हरवते.

विहिरीवर जरा जास्त थांबतो, कारण तेच पाणी पीकही पितं आणि पोरंही. पंप दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून मग नमुना घ्या. एक लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा खंगाळा, काठोकाठ भरा, बूच घट्ट लावा, वर गट क्रमांक, तारीख, वेळ लिहा आणि चोवीस तासांत पोचती करा. जड धातू तपासायचे असतील तर प्रयोगशाळेला आधी विचारा, त्यासाठी ते आम्ल घातलेली वेगळी बाटली देतात. सिंचनासाठी अहवालात आधी विद्युत वाहकता बघा. ०.७५ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत चिंता नाही, ०.७५ ते २.२५ मध्ये निचरा आणि पीक बघून वापरा, त्यापुढे केळीला ते पाणी नकोच. सोडियम कार्बोनेटचा उरलेला अंश, ज्याला आरएससी म्हणतात, तो लिटरमागे १.२५ मिलिइक्विव्हॅलंटच्या आत हवा. अडीचच्या वर गेला तर काळी जमीन चोपण, म्हणजे सोडियमने घट्ट आणि निचरा न होणारी, व्हायला वेळ लागत नाही. बोरॉनची तपासणी सहसा कोणी सांगत नाही, तुम्ही ती मागून घ्या.

पिण्याच्या पाण्याची मापं वेगळी असतात. भारतीय मानकात नायट्रेट ४५, शिसं ०.०१, आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर ही हद्द आहे. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणीच्या पेटीचं शिक्षण द्यायची तरतूद आहे. तुमच्या ग्रामपंचायतीत ती पेटी कुठल्या कपाटात आहे ते विचारा. त्या पेटीत क्षार, नायट्रेट, फ्लोराइड कळतं. शिशासारखे धातू कळत नाहीत, त्याला प्रयोगशाळाच लागते. आणि पाणी उकळलं की झालं, हा समज काढून टाका. उकळल्याने जंतू मरतात. धातू आणि क्षार तसेच राहतात, पाणी आटल्यावर उलट दाट होतात. तुरटीनेही ते जात नाहीत. विहिरीच्या तोंडावर जाळी किंवा पत्रा टाका, आणि पहिल्या दोन पावसांचं वाहतं पाणी विहिरीत उतरू नये म्हणून काठाला वीतभर उंच पाळ घाला.

औद्योगिक वसाहतीच्या किंवा कारखान्याच्या नाल्यालगत वावर असेल तर रोज सकाळी नाल्यावर नजर टाका. रंग बदलला, फेस आला, तेलाचा तवंग दिसला की त्याच घटकेला बाटली भरा. सांडपाणी बरेचदा रात्री येतं आणि दुपारपर्यंत पुढे निघून जातं. आसवनीचं, म्हणजे अल्कोहोल काढणाऱ्या कारखान्याचं, तांबडं-काळं पाणी कोणी फुकट खत म्हणून देऊ करत असेल तर दूर राहा. त्यात जैविक भार इतका असतो की जमिनीतला प्राणवायू संपतो, आणि ते भूजलात उतरलं की शेजाऱ्याची बोअरही जाते.

आता छातीचं. माझ्या वडिलांना खोकला लागला तेव्हा आधी वाटलं धूळ आहे, पाऊस पडला की जाईल. पाऊस पडला, दसरा गेला, खोकला राहिला. एका दवाखान्यात दोन वर्षं खोकल्याच्या बाटल्या आणि इंजेक्शनं झाली, कोणी फुंकरीची चाचणी सांगितली नाही. शेवटी एका डॉक्टरांनी नळीत जोराने फुंकायला लावलं. वडील बांधावर उभे राहून अख्ख्या शिवाराला हाक मारायचे. त्या नळीत त्यांचा श्वास मध्येच तुटला. श्वासनलिका कायमच्या आकसल्या होत्या. डॉक्टरांनी एकाच गोष्टीवर बोट ठेवलं नाही. भट्टीचा धूर, राख, घरातली चूल, तरुणपणीची विडी, सगळं मिळून. पण दोन वर्षं आधी कळलं असतं तर आज जिना चढताना ते तीनदा थांबले नसते, हे मला रोज टोचतं.

म्हणून सांगतो, दोन आठवड्यांच्या वर खोकला टिकला तर आधी थुंकी तपासून घ्या, क्षय नाही ना ते कळू द्या. क्षय नसेल आणि तरी दम लागत असेल तर स्पायरोमेट्री, म्हणजे हीच फुंकरीची चाचणी, स्वतः तोंडाने मागा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. राख भरण्याच्या, भट्टीच्या किंवा दगड फोडण्याच्या कामावर जाणाऱ्यांनी डॉक्टरांना आपलं काम काय ते स्पष्ट सांगावं. अशा धुळीत सिलिका असते, तिने होणारा सिलिकोसिस क्ष-किरणात क्षयासारखा दिसू शकतो, आणि सिलिकोसिस झालेल्याला क्षय लवकर गाठतो. क्षयाची गोळी चालू आणि सिलिकोसिस तसाच, असं होऊ देऊ नका.

रुमाल आणि उपरण्याने जाड धूळ अडते, बारीक कण सरळ आत जातात. बारीक राख फुप्फुसाच्या तळाशी पोचते ती याच वाटेने. एन-९५ मास्क घ्या, नाकावरची पट्टी दाबून बसवा, श्वास ओढताना तो आत चिकटला पाहिजे. उन्हात तो दिवसभर लावणं होत नाही हे खरं आहे. म्हणून पानं झटकणं, कडबा भरणं, टिपरच्या रस्त्यालगतची निंदणी ही कामं पहाटे उरका. मजूर बायांनाही मास्क मालकानेच द्यावा. पदर नाकाला लावून त्या तुमचीच बाग झाडत असतात. अंगण झाडण्याआधी पाणी शिंपडा. दमेकरी लेकरू घरात असेल तर वाऱ्याच्या बाजूची खिडकी दुपारी बंद ठेवा.

आणि आपण स्वतः काय पेटवतो तेही बघू. पऱ्हाटीचे ढीग, केळीचा वाळलेला पाला, ठिबकच्या जुन्या नळ्या, सगळं आपणच बांधावर पेटवतो. पऱ्हाटी श्रेडरने बारीक करून जमिनीत घाला, नळ्या भंगारात द्या. नळ्यांचा काळा धूर पहिल्यांदा आपल्याच घरात शिरतो. दुसऱ्याच्या धुराड्याकडे बोट दाखवायचं असेल तर हे आधी थांबवावं लागेल.

नुकसान झालं तर तोंडी सांगण्यात दिवस घालवू नका. तलाठी आणि कृषी सहाय्यकांना लेखी अर्ज द्या, पंचनामा मागा, अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. दुसरी प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्या, जळगावात त्यांचं कार्यालय आहे. कारखान्याच्या संमतीपत्रात कोणत्या अटी आहेत आणि धुराड्याचे मोजणी अहवाल काय सांगतात ते माहितीच्या अधिकारात मागता येतं; उत्तराची मुदत ३० दिवसांची. हरित लवादाच्या पुणे खंडपीठात जायचं ठरलं तर प्रदूषण थांबवण्याच्या दाव्याला घटनेपासून सहा महिने आणि भरपाईच्या दाव्याला पाच वर्षं मिळतात. बहुतेक लोक याच मुदतीत अडकतात, कारण घटना कधी घडली ते कुठे लिहिलेलं नसतं. शाळेच्या वहीसारखी एक वही करा. तारीख, वाऱ्याची दिशा, ताटावर किती बसलं, कोणाला खोकला आला, टिपरचा क्रमांक. रोज दोन ओळी पुरतात.

नमुने एकट्याने नेऊ नका, शिवारातले पाच-सहा जण मिळून न्या. आसपासच्या विहिरींचे अहवाल एकत्र ठेवले की प्रदूषण कुठल्या अंगाने येतंय ते दिसतं. अहवाल कसा वाचायचा ते पाल किंवा ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रात समजावून घ्या. शुक्रवारी नमुना काढू नका. शनिवार-रविवार बाटली तशीच पडून राहते आणि आकडे बिघडतात. सोमवारी पहाटे भरा, त्याच दिवशी दुपारपर्यंत द्या.