‘ताठ बस’ म्हणण्याआधी टेबल-खुर्ची मोजा

लहानपणी जेवायला पाटावर बसलं की मागून पाठीवर थाप पडायची, “पोक काढू नकोस!” दोन घास ताठ बसून व्हायचे, तिसऱ्याला पुन्हा बाक. तेव्हा वाटायचं, आपल्यालाच वळण नाही. आता वाटतं, ताट जमिनीवर असेल तर माणूस वाकणारच. शरीर कामाकडे झुकतं. म्हणून पाठ सुधारायची तर आधी काम कुठे मांडलंय ते बघावं लागतं.

२०२०च्या टाळेबंदीत मी डायनिंग टेबलावर लॅपटॉप मांडला आणि तीन महिन्यांत मान धरली. कुणी मागून हाक मारली की नुसती मान वळत नसे, अख्खा माणूस वळायचा. त्यानंतर जे केलं, ते क्रमाने सांगतो.

पहिलं काम: फोटो. घरातल्या कुणाला तरी सांगून ठेवा की मी कामात असताना, मला न सांगता, बाजूने एक फोटो काढ. सांगून काढलेल्या फोटोत सगळेच ताठ असतात! फोटोत कान खांद्याच्या साधारण वर आहे की पुढे गेलाय, ते बघा. आपलं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. ते खांद्यांवर तोललेलं असेल तर मानेला फारसं जाणवत नाही. पुढे गेलं की तेच वजन मानेच्या मागच्या स्नायूंना दिवसभर ओढून धरावं लागतं. पाच किलोची पिशवी हात शरीरालगत ठेवून धरा आणि मग हात लांब करून धरा, म्हणजे फरक कळेल.

आणखी एक प्रयोग बसल्या जागी करता येतो. मुद्दाम पोक काढून खोल श्वास घ्या. मग पाठ मोकळी करून घ्या. पहिल्या वेळी श्वास छातीतच अडल्यासारखा होतो, कारण पोट दबलेलं असतं आणि श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधल्या स्नायूला, खाली सरकायला जागा मिळत नाही. पोटभर जेवून लगेच सोफ्यात मुटकुळं करून बसल्यावर काहींना आंबट ढेकर येतात, त्यातही पोटावरच्या या दाबाचा वाटा असतो.

दुसरं काम: बैठक. साधं डायनिंग टेबल ७५ सेंटिमीटरच्या आसपास उंच असतं. पाच फुटांच्या माणसाला ते उंच पडतं. कोपर टेबलाच्या पातळीला यावं म्हणून खांदे कानाकडे चढतात आणि संध्याकाळी नेमके तेच दुखतात. तेव्हा आधी खाली घट्ट उशी घेऊन उंची वाढवा. असं केलं की पाय लोंबकळतात. मग माळ्यावर पडलेला पाट काढा आणि पायाखाली घ्या. आमच्याकडचा शिसवी पाट आता जेवायच्या नाही, याच कामाला आहे. पार्श्वभाग खुर्चीत पार मागपर्यंत न्या आणि कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी ठेवा. गुंडाळी मनगटाएवढी पुरते, जास्त जाड केली तर तीच टोचते.

तिसरं काम: पडदा. लॅपटॉपची खोड अशी की पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले. हातांना सोयीचं करावं तर मान खाली जाते, मानेला सोयीचं करावं तर हात वर उचलावे लागतात. यावर एकच उपाय, वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्या आणि लॅपटॉप उंच करा. त्यासाठी स्टँड विकत आणायची गरज नाही. जाडजूड दिवाळी अंकांची चळत उत्तम काम करते. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईपर्यंत अंक वाढवत जा. मला सात लागले. बायफोकल चष्मा असेल तर पडदा थोडा खालीच ठेवा, नाहीतर खालच्या भिंगातून बघायला हनुवटी वर करावी लागते आणि मानेचं दुखणं दुसऱ्या बाजूने सुरू होतं.

चौथं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: उठणं. अमुकच एक बैठक अचूक आणि ती धरली की पाठ दुखणारच नाही, असं काही सिद्ध झालेलं नाही. सैनिकासारखं ताठ बसूनही तासाभराने पाठ आंबतेच. मणक्यांच्या मधल्या गाद्यांना मोठ्या माणसात स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो. त्यांचं पोषण आजूबाजूने झिरपून होतं आणि हालचालीने त्याला मदत होते. म्हणून अर्ध्या तासाने उठा. फोन आला की उभं राहून बोला. पाण्याची बाटली टेबलावर ठेवण्यापेक्षा छोटा पेला ठेवा, तो संपला की स्वयंपाकघरापर्यंत फेरी होते. पाठीला बांधायचे ते पट्टे ऑनलाइन भरपूर मिळतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. पट्टा सुटला की पाठ पुन्हा तिथेच येते.

आता स्वयंपाकघर. पोळ्या करणाऱ्या माणसाची कंबर बहुतेक ओट्याच्या उंचीने बिघडते. घर बांधताना ओटा सरसकट एका मापाचा टाकतात, घरातली माणसं मात्र एका मापाची नसतात. काम करताना ओटा कोपराच्या साधारण १० ते १५ सेंटिमीटर खाली असावा. कणीक तिंबायला जोर लावावा लागतो, तिथे आणखी थोडा खाली चालतो. ओटा उंच असेल तर पायाखाली न हलणारी, रुंद चौकी घ्या. बुटका असेल तर भाजी चिरताना जाड लाकडी पाटाने उंची वाढवा, किंवा सरळ टेबलाशी बसून चिरा. बराच वेळ उभं राहायचं असेल तर एक पाय वीतभर उंच ठोकळ्यावर ठेवा आणि थोड्या वेळाने पाय बदला. कमरेवरचा ताण लगेच हलका होतो.

मोबाइलबद्दल थोडक्यात. फोन डोळ्यांकडे आणा, डोळे फोनकडे नेऊ नका. लोकलमध्ये उभं असताना दुसऱ्या हाताची मूठ फोनच्या हाताच्या काखेत घालून फोनचा हात त्या आडव्या हातावर टेकवला की तो भरून येत नाही. गर्दीत तेवढी जागा मिळाली तर!

हे सगळं रोजच्या अवघडण्यासाठी झालं. दुखणं पायात किंवा हातात उतरत असेल, मुंग्या येत असतील, पकड सैल वाटत असेल तर उशा-पाट बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. पडल्यानंतर पाठ दुखू लागली असेल किंवा दुखण्यासोबत ताप असेल, तरीही थांबू नका. पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री रुग्णालय गाठा.