पहिल्या रीफ टँकसाठी कमी खर्चात दिवा कसा निवडावा

रीफ टँकच्या, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) वाढवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या, खर्चात दिव्याचा आकडा सगळ्यात जास्त बोचतो, म्हणून काटकसरीची कात्रीही तिथेच चालते. त्यात काही वावगं नाही. सॉफ्ट कोरल (कठीण सांगाडा नसलेले) आणि सोपे एलपीएस (मोठ्या पॉलिपचे, कठीण सांगाड्याचे कोरल) स्वस्त दिव्याखाली वर्षानुवर्षं उत्तम वाढतात. पैसे वाया जातात ते आधी दिवा घेऊन मग कोरल ठरवल्यामुळे.

आधी कोरल ठरवा

कोरलच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवालं राहतात. ती उजेडावर साखर तयार करतात आणि तिचा मोठा वाटा कोरलला मिळतो. त्यामुळे दिवा किती झगझगीत दिसतो हे महत्त्वाचं नाही. शैवालांच्या कामाचा उजेड किती पोहोचतो हे बघायचं. त्याचं माप म्हणजे पार: 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचे किती फोटॉन दर सेकंदाला एक चौरस मीटरवर पडतात, ते मायक्रोमोलमध्ये.

ढोबळ गरजा अशा: मशरूम कोरलला 30 ते 80, झोअँथिड आणि बाकीच्या सॉफ्ट कोरलना 50 ते 120, युफायलियासारख्या एलपीएसना 75 ते 150. अॅक्रोपोरासारख्या एसपीएसना (लहान पॉलिपच्या, कठीण सांगाड्याच्या कोरलना) 200 ते 350 लागतो, आणि स्वस्त दिव्याचं गणित तिथेच कोलमडतं. एसपीएस पहिल्या वर्षी नकोच. नव्या टँकमधलं अस्थिर पाणी त्यांना दिव्याआधीच मारतं. अॅनिमोनीचा मोहही तोवर आवरा. सन कोरलला उजेड लागत नाही हे खरं, पण त्याला तोंडापाशी अन्न नेऊन भरवावं लागतं, म्हणून 'दिव्याचा खर्च वाचला' या हिशेबाने तो घेऊ नका.

म्हणजे लक्ष्य ठरलं: खडकांच्या वरच्या टोकाला 120 ते 150 आणि वाळूजवळ 50 ते 70 पार.

मग टाकी मोजा

लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली, तिन्ही लिहून ठेवा. 60 × 45 × 45 सेंटिमीटरची, साधारण 120 लिटरची टाकी एका मध्यम दिव्याने निभते. 90 सेंटिमीटर लांबीला एक मोठा दिवा घेण्यापेक्षा दोन लहान घ्या. एकाच दिव्याखाली मध्यभागी 250 पार आणि कोपऱ्यात 30 अशी तऱ्हा होते, शिवाय खडकाच्या कपारीखाली काळोख राहतो. दोन दिव्यांचा उजेड दोन बाजूंनी येतो, सावल्या मऊ पडतात आणि एक दिवा बिघडला तरी टँक अंधारात जात नाही. बजेट तंग असेल तर ताकदीपेक्षा पसरटपणावर पैसे घाला.

काय विकत मिळतं

'ब्लॅक बॉक्स' म्हणून ओळखले जाणारे एलईडी हा या किमतीतला सगळ्यात भरवशाचा पर्याय. काळा पत्र्याचा डबा, आत पंखे, निळ्या आणि पांढऱ्या एलईडींसाठी दोन वेगळे डिमर. एकाच बांधणीचा डबा अनेक नावांनी विकला जातो, त्यामुळे नावासाठी जादा पैसे मोजू नका. दिसायला ओबडधोबड आणि पंख्यांचा आवाज असतो, पण कोरल वाढवतो.

एलईडी पट्ट्या उजेड सुंदर पसरवतात. एकट्या पट्टीचा जोर बहुतेक वेळा अपुरा पडतो, म्हणून दोन-तीन शेजारी शेजारी लावाव्या लागतात. टी5 नळ्यांचा उजेड सर्वांत समान पडतो, फक्त त्या 9 ते 12 महिन्यांनी बदलाव्या लागतात. जुना सेट स्वस्तात मिळत असेल तर नळ्यांचा हा खर्च आधी धरा. 40 लिटरच्या आतल्या नॅनो टाकीला काठावर अडकवायचा एक चांगला रीफ दिवा पुरतो. 6500 केल्विनच्या साध्या पांढऱ्या फ्लडलाइटखाली सॉफ्ट कोरल जगतात. मात्र सगळं पिवळट दिसतं आणि कोरलचे चमकते रंग उमटत नाहीत. मेटल हॅलाइड सोडून द्या. वीज आणि उष्णता, दोन्ही परवडत नाहीत.

माहितीपत्रक वाचताना

वॅटचा आकडा सगळ्यात फसवा. '165 वॅट' लिहिलेल्या डब्यात 3 वॅटचे 55 एलईडी असतात, आणि 55 गुणिले 3 करून तो आकडा छापलेला असतो. ते पूर्ण क्षमतेने चालवले जात नसल्याने भिंतीतून ओढलेली वीज साधारण 100 ते 120 वॅट भरते. 110 वॅट धरून रोज 9 तास चालवलं तर महिन्याला 30 युनिटच्या आसपास. प्रत्यक्षात दिवा मंद ठेवणार असल्याने त्याहून कमी.

रंगात 450 नॅनोमीटरच्या आसपासचा गडद निळा भरपूर हवा. थोडा 400 ते 420 चा जांभळा असला तर कोरलचे रंग खुलतात. लाल-हिरवे एलईडी चार-दोन असले तरी चालतं, नसले तर काही बिघडत नाही. लेन्स 90 ते 120 अंशांची बघा. 60 अंशांची लेन्स उजेड खोल नेते, पण 40-45 सेंटिमीटर खोलीत ती कोरल भाजते. दोन चॅनल (निळ्या आणि पांढऱ्या एलईडींचे वेगळे गट) आणि प्रत्येकाला स्वतंत्र डिमर, ही अट मात्र सोडू नका. डिमर नसलेला जोरदार दिवा स्वस्त असला तरी निरुपयोगी.

टांगणी आणि वायर

दिवा पाण्याच्या पृष्ठभागापासून 20 ते 30 सेंटिमीटर वर टांगा. वर नेला की मधला जोर कमी होतो आणि कडांना उजेड मिळतो. टाकी भरण्याआधीच एक चाचणी करून घ्या: दिवा लावून रिकाम्या तळावर फोनचं लक्समापक अॅप मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत धरा. फोनचा सेन्सर माणसाच्या डोळ्यासारखा हिरव्याला जास्त आणि निळ्याला फार कमी दाद देतो, त्यामुळे त्यावरून पार काढता येत नाही. तुलना मात्र कळते. कोपरा मध्याच्या एक तृतीयांशाहून खाली असेल तर दिवा वर घ्या. पार मीटर कुणाकडून एका दिवसासाठी मिळाला तर उत्तमच.

टांगणीचा हूक छताला किंवा भक्कम स्टँडला हवा. प्लगच्या आधी वायरला खाली झोळ द्या, म्हणजे ओघळणारं खारं पाणी सॉकेटमध्ये न जाता तिथून टपकेल. लाइनवर आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय खाऱ्या पाण्याच्या टाकीत हात घालू नये.

जोर हळूहळू वाढवा

नवा दिवा पहिल्याच दिवशी पूर्ण जोरात लावणं ही सगळ्यात महागात पडणारी घाई. ब्लॅक बॉक्स निळा 25-30 टक्के आणि पांढरा 5-10 टक्क्यांवर सुरू करा. दर आठवड्याला निळा 5 टक्क्यांनी वाढवा. बहुतेक टाक्यांत निळा 40-60 आणि पांढरा 10-20 वर थांबावं लागतं, पुढे जायची गरज पडत नाही. निळा 9-10 तास आणि त्याच्या मधल्या काळात पांढरा 5-6 तास, हे काम दोन साध्या टायमरवर सोपवा. नवा फ्रॅग (कोरलचा कापून लावलेला लहान तुकडा) आधी वाळूवर ठेवा आणि दोन आठवड्यांनी इच्छित जागी न्या. पहिले काही दिवस तो मिटून बसला तरी दिव्याला हात लावू नका.

कोरलकडे बघून काय ओळखावं

झोअँथिडचे देठ लांबून तोंडं वर ताणली गेली असतील, किंवा मशरूम पातळ होऊन पसरलं असेल, तर उजेड कमी आहे. रंगीत कोरल तपकिरी पडणं हेही बहुधा तेच, कारण कमी उजेडात आतली शैवालं दाट होतात. उलट कोरल आक्रसलं आणि वरच्या, दिव्याकडच्या भागापासून फिकं होत पांढरं पडू लागलं तर उजेड जास्त आहे. जोर लगेच एक तृतीयांशाने उतरवा किंवा कोरल खाली आणा.

दिव्याला दोष देण्याआधी पाणीही तपासा. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर असतील तर मध्यम उजेडातही कोरल फिकट होतं. नायट्रेट 5 ते 10 आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 मिलिग्रॅम प्रति लिटर असू द्या. उजेड वाढवल्यावर वाढ सुरू झाली की अल्कलिनिटी (कोरल सांगाड्यासाठी वापरतात त्या पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप) जास्त वेगाने खर्च होते, म्हणून त्या काळात ती आठवड्यातून दोनदा मोजा.

दर महिन्याला दिवा बंद करून, थंड झाल्यावर लेन्सवरचं मीठ आरओच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने पुसा आणि पंख्यांची जाळी ब्रशने झाडा. पंखा थांबला तर आतले एलईडी तापून लवकर जातात, तेव्हा पंख्याचा आवाज बदलला की तो लगेच बदलून टाका. जुना दिवा घेतानाही लेन्स पिवळटल्या आहेत का, स्क्रूंवर मिठाचा गंज आहे का आणि दोन्ही चॅनल अर्धा तास न लुकलुकता चालतात का, एवढं बघूनच पैसे द्या.