शाळा सुटल्यानंतरचं सगळं लिहायचंय, पण सुरुवात कुठून?

बॅचच्या ग्रुपवर कोणीतरी म्हणतं, शाळेनंतर काय काय केलंस ते लिही, आणि आपण डिग्री, नोकरी, लग्न, मुलं एवढं टाकून मोकळे होतो. तो बायोडेटा झाला राव, वाचणार कोण!

आधी एका कागदावर नुसती सालं लिहा, दहावीपासून आजपर्यंत, आणि प्रत्येक सालापुढे तेव्हा राहत होतात ती खोली किंवा घर. नोकरीपेक्षा घरावरून जास्त आठवतं, निदान मला तरी, कारण खिडकी, शेजारी, जिना सगळं एकदम डोळ्यासमोर येतं. विशी-पंचविशीची पानं भराभर भरतील. 10 ते 30 वयातल्या आठवणी माणसाला उतारवयातही जास्त येतात, मानसशास्त्रातही हे दिसून आलंय. चाळिशीनंतरची सालं मात्र रिकामी राहतील, तिथे जुने फोटो, मेल, बँकेचं पासबुक काढा.

मग एकच वस्तू पकडा. मी कंपासपेटी घेतली, झाकणाच्या आत ब्लेडने कोरलेलं नाव, अर्धवटच, कारण तेवढ्यात सर आले होते. गणितात नापास झालेलो मी पुढे आयुष्यभर हिशोबच लिहीत बसलो, हे त्या झाकणाकडे बघतानाच सुचलं.

अपयश गाळू नका, पण त्यात कोणाची नावं नकोत. लिहून झालं की मोठ्याने वाचा, जिथे भाषण वाटेल तिथे काट मारा. आणि पाठवायच्या आधी बाकावर शेजारी बसणाऱ्याला एक फोन करा, अर्ध्या तारखा तोच सुधारून देईल.