दगडाचा फोटो नंतर, आधी चिठ्ठी

पावसात गोव्यात दगडांचे फोटो काढायला मजा येते. ढग भरून आलेले असतात, अकराच्या सुमाराला आमच्या डिचोलीच्या घराच्या व्हरांड्यात असा मऊ पांढरा उजेड पडतो की लाईटबिईट काही विकत घ्यावंच लागत नाही. आणि नेमके हेच चार महिने काही खनिजांच्या जिवावर उठतात, पण ते नंतर.

माझ्याकडे साठेक तुकडे आहेत. अर्धे इकडच्याच लोखंडाचे, मँगनीजचे, बाकी जळगाव, वाघोली, मोरोक्को, स्पेन, कांगो असे कुठून कुठून जमवलेले. सगळे फोटो मोबाईलवरच.

तर पहिलं काम म्हणजे चिठ्ठी. दगड हातात आला की त्याच दिवशी कुठला आहे ते लिहून ठेवायचं. नाव चुकलं तर चालेल, उद्या कोणी जाणकार बघेल, दुरुस्त करेल, पण जागा विसरलात तर ती दगडाकडे बघून परत मिळत नाही. आणि नुसतं ‘ब्राझील’ लिहून काय उपयोग, केवढा मोठा देश तो. खाण, गाव, जिल्हा, राज्य, देश, जेवढं माहीत आहे तेवढं सगळं लिहा, माहीत नाही तिथे माहीत नाही असंच लिहा, अंदाजाने भरू नका. जुनी चिठ्ठी सोबत आली असेल तर ती फेकायची नाही, तिचाही फोटो काढायचा. माझ्याकडच्या मॅलाकाईटच्या (तांब्याचं हिरवं खनिज) चिठ्ठीवर ‘झैर’ लिहिलंय. कांगोचं हे नाव १९७१ ते १९९७ एवढंच होतं, म्हणजे चिठ्ठी साधारण कधीची ते आपोआप कळलं. आपल्याकडच्या एखाद्या तुकड्यावर ‘गोवा, दमण आणि दीव’ दिसलं तर ती बहुतेक १९८७ च्या आधीची समजायची, तसंच हे.

आता फोटो. आधी मऊ ब्रशने धूळ झाडा, मग मोबाईलची लेन्स पुसा (हे निम्मे लोक करत नाहीत आणि मग फोटो धुरकट येतो म्हणतात). दगड सरळ उभा राहत नाही ही सगळ्यांची तक्रार, त्याला माझा उपाय म्हणजे वाटीत तांदूळ, वर काळं किंवा राखाडी कापड, त्यात दगड हलकेच दाबून बसवायचा, हवा तसा वळतो. आई म्हणते तांदूळ परत डब्यात घालू नकोस, ते बरोबरच आहे. उजेड एकाच बाजूने येऊ द्या, दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा किंवा पांढरा कागद उभा करा म्हणजे सावली काळीकुट्ट होत नाही. फ्लॅश बंद. घरातला पिवळा बल्बही बंद, दोन रंगांचे उजेड मिसळले की जांभळ्या ॲमेथिस्टचं काय होतं ते बघवत नाही. स्क्रीनवर बोट दाबून फोकस लॉक करा, काळ्या कापडावर कॅमेरा उगाच उजळ काढतो म्हणून एक्स्पोजर थोडं खाली ओढा, ३ सेकंदांचा टायमर लावा आणि मोबाईल कशाला तरी टेकवून ठेवा. फार जवळ जाऊ नका, थोडं मागे सरून २एक्स लेन्स वापरा, नाहीतर पुढचा स्फटिक वांग्याएवढा आणि मागचे सगळे वाटाणे.

खरी कसोटी चकचकीत दगडांची. माझ्याकडे एक गोएथाईट (लोखंडाचं एक खनिज) आहे, काळा, द्राक्षांचा घोस दाबून बसवल्यासारखा गोल गोल. पहिला फोटो मोठा करून बघितला तर प्रत्येक गोळ्यावर एक एक खिडकी, खिडकीत मी, माझा लाल टी-शर्ट आणि हातात मोबाईल! आठ-दहा गोळे आणि आठ-दहा मी. शेवटी दगडाभोवती बटर पेपरचा तंबू केला, लेन्सपुरतं भोक ठेवलं आणि काळा शर्ट घालून बसलो तेव्हा कुठे दगड दिसला.

रंगाच्या बाबतीत मी जरा हट्टी आहे. वाघोलीचा कॅव्हान्साईट मुळातच इतका निळा असतो की त्याला आणखी निळा करायची गरज नाही, तरी लोक सॅच्युरेशन ओढतात आणि मग प्रत्यक्ष दगड बघणाऱ्याचा विरस होतो. फोटोत शेजारी कोरा पांढरा कागद ठेवून एक शॉट घ्या, कागद पांढरा दिसेपर्यंतच दुरुस्ती करा, पुढे हात लावू नका. यूव्ही टॉर्चखाली (त्यात काही दगड वेगळ्याच रंगाने चमकतात) काढला असेल तर तसं लिहा.

माप दाखवायला नाणं ठेवू नका. दहा रुपयांचं नाणं २७ मिमीचं असतं हे तिकडे पेरूतल्या माणसाला कसं कळणार. मिमीची पट्टी ठेवा, आणि स्फटिकाच्या पातळीवर ठेवा, पुढे ठेवलीत तर दगड लहान वाटतो. पट्टीचा फोटो वेगळा, देखणा फोटो वेगळा.

वर्णन मी असं लिहितो: ‘अपोफिलाईट, स्टिल्बाईटवर. जळगाव जिल्हा, महाराष्ट्र, खाण माहीत नाही. ७२ × ५० × ३८ मिमी, सर्वात मोठा स्फटिक १९ मिमी. रंगहीन, टोकाशी फिकट हिरवा, चपट्या तोंडावर मोत्यासारखी चमक. खालचा स्टिल्बाईट फिकट गुलाबी, मधोमध बांधलेल्या भाताच्या पेंढीसारखा. डावीकडच्या स्फटिकाचं टोक उडालेलं. चिकटवलेलं काही नाही.’ बस. ‘अप्रतिम’, ‘दुर्मीळ’ वगैरे लिहू नका, ते बघणारा ठरवेल. तुटलेलं मात्र लिहाच, आणि ती बाजू लपवून फोटो काढू नका. बाजारात पिवळा सिट्रीन म्हणून मिळतो तो पुष्कळदा भट्टीत भाजलेला ॲमेथिस्ट असतो, संशय असेल तर तोही लिहा.

नावाची खात्री नसेल तर ‘बहुधा’ लिहायला लाजू नका. आमच्याकडच्या काळ्या-तपकिरी तुकड्यांत तर सगळीच गंमत, हेमटाईट कुठला आणि गोएथाईट कुठला ते नुसतं बघून फसायला होतं. बाथरूमच्या टाइलची मागची, चकाकी नसलेली बाजू घ्या, दगडाचा एखादा न दिसणारा कोपरा तिच्यावर घासा. रेघ लालसर तपकिरी आली तर हेमटाईट, पिवळसर तपकिरी आली तर गोएथाईट. रेघेचाही फोटो काढून ठेवा, वर्णनाला तोच पुरावा. आणि असे तुकडे शोधायला बंद खाणींच्या पाणी भरलेल्या खड्ड्यांत कृपया उतरू नका.

आता ती पावसाची गोष्ट. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये कोळशाच्या खाणीत पायराईटच्या (लोखंड आणि गंधकाचं सोनेरी खनिज) चपट्या चकत्या मिळतात, किरणं फुटलेल्या सूर्यासारख्या. तसली एक मी हौसेने घेतली, फोटो काढला आणि पुठ्ठ्याच्या डब्यात चिठ्ठीवर ठेवून दिली. जूनमध्ये ठेवली ती चतुर्थीच्या साफसफाईला उघडली, तर चकतीवर पांढरी पूड, डब्याला आंबूस वास आणि चिठ्ठीची घडी पिवळी पडून बोट लावताच भुगा. दमट हवेत पायराईट सडून त्यातून सल्फ्युरिक ॲसिड सुटतं, त्याने कागद खाल्ला. शेजारीच स्पेनमधल्या ‘नावाहून’ नावाच्या गावचा पायराईटचा चौकोनी घन होता, त्याला काही झालं नाही, तेव्हा सगळेच पायराईट नाजूक नसतात. चिठ्ठीचा फोटो काढला होता म्हणून निदान गाव तरी हाताशी राहिलं. आता असले दगड प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलबरोबर, चिठ्ठी वेगळ्या पिशवीत. मे संपताना एक फोटो आणि चतुर्थीनंतर त्याच कोनातून, त्याच उजेडात दुसरा. दोन्ही शेजारी ठेवून मोठे करून बघायचे, पांढरे ठिपके आधी भेगांत दिसतात.