लंगडणं थांबलं, आता कोर्सवर कधी? दुखापतीनंतर अ‍ॅजिलिटीत परतताना

अ‍ॅजिलिटी म्हणजे कुत्र्याने उड्या, बोगदे, उतरणी अशा अडथळ्यांचा कोर्स ओळीने पार करायचा खेळ. त्यातल्या कुत्र्याला दुखापत झाली की नव्या हँडलरची (कुत्र्याला खेळवणाऱ्याची) पहिली चूक जवळपास ठरलेली असते. आठ-दहा दिवसांत लंगडणं थांबतं, कुत्रा दारात बॉल घेऊन उभा राहतो आणि "झाला की बरा" म्हणत त्याला थेट कोर्सवर उतरवलं जातं. इलिओसोआस, म्हणजे कमरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूला जाणारा स्नायू, याच घाईने पुन्हा पुन्हा ताणला जातो. दुखणं आधी पळतं, पेशी मागून भरतात. हाड जुळायला साधारण ८ ते १२ आठवडे जातात. टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) आणि लिगामेंट (हाड हाडाला जोडणारा दोर) यांना पूर्वीची ताकद यायला कित्येक महिने लागतात. गुडघ्याच्या क्रूशिएट लिगामेंटवर टीपीएलओ (नडगीच्या हाडाचा वरचा भाग कापून फिरवून बसवण्याची) शस्त्रक्रिया झाली असेल, तर पुन्हा स्पर्धेचा विचार सहा महिन्यांच्या आत करूच नये.

आधी नेमकं काय दुखावलंय ते व्हेटकडून कळायला हवं. "मागचा पाय दुखतोय" हे निदान नव्हे. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, पण टेंडन आणि स्नायूची इजा दिसत नाही. त्यासाठी अल्ट्रासाउंड किंवा एमआरआय लागतो. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या घरी देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्यांना विषारी ठरतं. व्हेटने दिलेलं औषध चालू असतानाच्या चालीवरून "सुधारणा आहे" असंही ठरवू नका, कारण ती सुधारणा औषधाची असते.

सुरुवातीचे दिवस क्रेट (बंद पिंजरा) आणि पट्टा. सोफ्यावर चढणं, जिने, गुळगुळीत फरशीवर धावणं, सगळं बंद. घरातल्या फरशीवर न सरकणाऱ्या चटया टाका. पाय फाकून घसरणं हा इलिओसोआसचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. हालचाल कमी झाली की खाणंही कमी करा. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. रिकामं डोकं क्रेट कुरतडतं, म्हणून वास शोधण्याचे खेळ, हनुवटी टेकवून स्थिर राहणं, नाकाने टार्गेटला स्पर्श करणं असलं काम द्या. हे पुढे कोर्सवरही उपयोगी पडतं.

चालणं सुरू करताना दिवसातून ३-४ वेळा ५-५ मिनिटं, आखूड पट्ट्यावर, आणि अगदी संथ. संथ का? वेग वाढला की कुत्रा दुखरा पाय उचलून तीन पायांवर निभावून नेतो. हळू चालताना त्याला तो टेकावाच लागतो. त्रास नसेल तर दर आठवड्याला प्रत्येक फेरीत ५ मिनिटं वाढवा. पुढचा टप्पा दुडकीचा: ५ मिनिटं चालीत १ मिनिट दुडकी, मग हळूहळू जास्त.

लंगडणं पाहायला डोळा अपुरा पडतो, मोबाईलचा स्लो-मोशन वापरा. सपाट, कडक जमिनीवर दुडक्या चालीने समोरून, मागून आणि बाजूने व्हिडिओ घ्या. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मागचा दुखत असेल तर त्या बाजूचा खुबा जास्त वर उचलला जातो. कुत्रा ठणठणीत असतानाचाही एक व्हिडिओ जपून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

मांडीचा घेर टेपने मोजा: दोन्ही मांड्या, एकाच उंचीवर, कुत्रा चारही पायांवर सरळ उभा, मोजणारी व्यक्ती तीच, तीनदा मोजून सरासरी. दर पंधरवड्याला वहीत लिहा. पाय दिसायला बरा पण दुसऱ्यापेक्षा बारीक असेल, तर तो अजून अर्धवटच आहे. स्नायू भरायला बसून-उठून हा व्यायाम उत्तम, सुरुवातीला ५ वेळा. दुखरा पाय बाहेर फेकून बसायची सवय बहुतेकांना लागते, म्हणून ती बाजू भिंतीला लावून बसवा. त्यानंतर उलट्या पावलांनी मागे चालवणं, उताराच्या रस्त्यावर संथ चढणं आणि काठ्यांवरून चालणं. काठ्या ५-६, उंची घोट्याच्या आसपास. दुडकीसाठी दोन काठ्यांत साधारण कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीइतकं अंतर, नंतर त्याच्या पावलानुसार जुळवा. काठी वाजली तर एकतर अंतर चुकलंय किंवा कुत्रा दमलाय. दोन्ही वेळा थांबा.

अ‍ॅजिलिटीकडे वळण्याआधी निदान चार गोष्टी जुळायला हव्यात: २० मिनिटं दुडकीत सरळ चाल, सांधा पूर्ण हलवताना विरोध नाही, दोन्ही मांड्यांच्या घेरात फारसा फरक नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना ताठरपणा नाही. शेवटची सगळ्यात प्रामाणिक असते. मैदानावर उत्साह दुखणं झाकतो, सकाळी झाकायला काही नसतं.

मग एका वेळी एकच गोष्ट वाढवायची: उंची, संख्या, वेग किंवा वळण. आधी जमिनीवर ठेवलेल्या बारवरून (उडीच्या आडव्या दांड्यावरून) सरळ रेषेत, मग घोट्याच्या उंचीवर, मग साधारण दर आठवड्याला ५ सेंमी. टनेल (बोगदा) आधी सरळ, नंतर वळणाचा. वीव्ह पोल्समध्ये (एका रांगेतल्या खांबांमधून नागमोडी पळताना) दर पावलाला खांद्यावर आडवा ताण येतो, म्हणून खांद्याच्या दुखापतीनंतर ते उशिरा आणि चॅनेल (दोन रांगांमधली सरळ वाट) उघडी ठेवून, ६ पोल्सपासून. ए-फ्रेम (दोन फळ्यांचा तंबूसारखा चढ-उतार) सुरुवातीला कमी उंचीवर ठेवूनच. उतरताना बहुतेक भार पुढच्या पायांवर पडतो. पुढचे दोन पाय जमिनीवर, मागचे दोन फळीवर असं थांबण्याचा कॉन्टॅक्ट शिकवलेला असेल तर तो झटका कमरेलाही बसतो, त्यामुळे ए-फ्रेम आणि सी-सॉ (वरखाली होणारी फळी) सगळ्यात शेवटी. आठवड्यात दोनच दिवस, मध्ये मोकळे दिवस, आणि दर वेळी आधी ५ ते १० मिनिटं चालणं-दुडकी. बॉल फेकणं म्हणजे वॉर्म-अप नाही. थंड स्नायूंना अचानक ब्रेक मारायला लावणारी यापेक्षा वाईट गोष्ट सापडणार नाही.

बार पाडणं, वीव्हमधून मधेच बाहेर पडणं, ए-फ्रेमसमोर अडखळणं, उडी लांबून घेणं: पूर्वी न करणारा कुत्रा हे करू लागला तर त्याला हट्टी म्हणण्याआधी दोन पायऱ्या मागे या आणि तपासून घ्या. पहिल्या स्पर्धेला त्याला खालच्या उंचीवर उतरवा, दिवसाला एकच रन, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तोच दुडकीचा व्हिडिओ.